गॅसवरची व्हॅन आणि माझं नाक

माझ्या पुतण्यानं पुण्यात हायब्रीड गाडी घेतली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला हार घातला, आणि मी तिच्या मागं जाऊन खाली वाकलो. मला धुराची नळी बघायची होती. पुतण्या हसला. म्हणाला, "काका, ही सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. हळू चालली की बॅटरीवर चालते. पेट्रोल कमी जळतं, धूर कमी होतो, हवा चांगली राहते." कधी बॅटरी आणि कधी पेट्रोल हे ठरवतं कोण, असं मी विचारलं. तो म्हणाला, गाडीच ठरवते, माणसानं हात लावायचा नाही. "मग बरं हाय," मी म्हणालो. म्हाताऱ्याला यंत्र कळलं असं त्याला वाटलं असावं. मला यंत्र कळलेलं नव्हतं. पण तो शाळेत जायला लागला त्या सुमारास मी धारूरला दोन इंधनांवर चालणारी गाडी आणली होती, आणि तिचं बटन माणसाच्या हातात होतं.

माझा स्वभाव संशयी आहे. कौतुकानं सांगत नाही, पण लाजतही नाही. किराणा दुकानदाराला तो लागतोच. डाळीचं पोतं आलं की तळापर्यंत हात घालून खालची मूठ वर काढायची, तेलाच्या डब्याच्या झाकणाची कड बोटानं चाचपायची, गूळ फोडून मधला खडा जिभेवर ठेवायचा. बाजार खुला झाला असं तेव्हा पेपरात यायचं. आमच्याकडं तो पुड्यांच्या रूपानं आला. शाम्पूची पुडी, चहाची पुडी, लोणच्याची पुडी. रंगीत, चकचकीत, दुकानाच्या दारावर माळा करून टांगायच्या. मी प्रत्येक नव्या मालाची एक पुडी फोडून आधी वास घ्यायचो. गिऱ्हाईक हसायचं, पण माल माझ्याकडूनच न्यायचं.

बायकोला दमा होता. दर पंधरा दिवसांनी तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात जावं लागायचं. तिथं तिला मशीनची वाफ द्यायचे, एखादं इंजेक्शन द्यायचे, गोळ्या लिहून द्यायचे, आणि डॉक्टर दर वेळी तेच सांगायचे की धुरापासून लांब राहा. घरातली चूल मी कधीच बंद केली होती. गॅसचं कनेक्शन पूर्वी नंबर लावून वर्षानुवर्षं मिळत नसे, ते आता मिळायला लागलं होतं, तर मी एकाला दोन सिलिंडर घेतली. पण अंबाजोगाईला जायचं कसं? एसटीची वेळ जमायची नाही, म्हणून काळ्यापिवळ्या जीपनं. त्या जीपचा पत्रा खालून कुजलेला, त्यावर गोणपाट टाकलेलं, आणि त्या गोणपाटातून सगळा धूर आत. ती पदर नाकाला लावून बसायची. धुरापासून लांब राहा हे ऐकायला ती चाळीस किलोमीटर धूर खात जात होती. मला या गोष्टीची चीड यायची, आणि चीड आली की मी डॉक्टरवर संशय घ्यायचो, जीपवाल्यावर घ्यायचो, औषधाच्या दुकानावर घ्यायचो. तिचं दुखणं मात्र तिथंच राहायचं.

लातूरला माझा एक मेहुणा जुन्या गाड्यांचा धंदा करायचा. त्यानं व्हॅनची गोष्ट काढली. पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की पुढं एक बटन होतं ते दाबायचं, मग गाडी गॅसवर. "भाऊजी, धूर न्हाई, काजळी न्हाई, वास न्हाई. ताईसाठी याच्यापेक्षा दुसरी गाडी शोधून सापडनार न्हाई," तो म्हणाला. मेहुणा जेव्हा बहिणीचं नाव घेऊन माल विकतो तेव्हा सावध राहावं. मी खिशातला धुवट पांढरा रुमाल काढला आणि त्याला गाडी पेट्रोलवर चालू करायला सांगितली. नळीच्या तोंडाशी रुमाल धरला, चांगला अर्धा तास वाटावा इतका वेळ. पिवळट काळा डाग पडला. मग रुमालाचं दुसरं टोक धरलं आणि गॅसवर चालू करायला सांगितली. डाग पडला नाही. मी रुमाल उन्हात धरून बघितला, वास घेतला, मेहुण्याला दाखवला नाही. त्याच दिवशी व्हॅन घेतली.

गाडीसाठी वेगळा गॅस तेव्हा आमच्या भागात मिळत नव्हता. लोक घरातलंच सिलिंडर मागं ठेवायचे. ते कायद्यात बसत नाही हे मला नंतर कळलं असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे तेव्हाही माहीत होतं.

म्हणूनच माझा जीव त्या सिलिंडरमध्ये अडकला. मेहुण्याच्या मेकॅनिकनं एक युक्ती सांगितली होती. साबणाचा फेस करायचा, नळीच्या प्रत्येक जोडावर लावायचा, बुडबुडे आले तर गॅस गळतोय. मी माझा दाढीचा जुना ब्रश त्यासाठी काढून ठेवला. रोज सकाळी गाडी निघायच्या आधी वाटीत फेस करायचो, मागचं दार उघडायचो, ब्रश फिरवायचो आणि बुडबुड्यांची वाट बघायचो. बुडबुडे आले नाहीत तरी समाधान व्हायचं नाही, म्हणून आत डोकं घालून वास घ्यायचो. दवाखान्याच्या दिवशी बायको पिशवी घेऊन ओट्यावर उभी असायची. "जरा लांब उभी ऱ्हा," मी म्हणायचो. सगळं बघून झालं की हात पुसायचो आणि म्हणायचो, "आता बस."

मला गाडी चालवता येत नव्हती. वीस वर्षं जीप चालवलेला एक माणूस ड्रायव्हर म्हणून ठेवला. दवाखान्याचा दिवस सोडून बाकी दिवस त्यानं धारूर ते अंबाजोगाई प्रवासी न्यायचे असं ठरलं. पहिल्या आठवड्यात गाडी रिकामीच गेली आणि रिकामीच आली.

"अप्पा, लोकं बसंनात," तो म्हणाला.

"कावून?"

"म्हनतात, हिला धूर कावून न्हाई? आवाज न्हाई, धूर न्हाई, घाटात ओढनार कशी?"

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडं यंत्राची ताकद धुरावर मोजायची पद्धत होती. ट्रॅक्टरनं उसाची ट्रॉली ओढताना काळा लोट सोडला की बघणारा मान डोलावायचा. नवी मोटर बसवली आणि तिनं धूर सोडला नाही की शेजारी विचारायचा, बरी हाय ना? आणि ज्यांना धुराचं काही नव्हतं त्यांना सिलिंडरचं भय होतं. बायका दार उघडून मागं वाकून बघायच्या, सिलिंडर दिसलं की पदर सावरून जीपकडं चालत जायच्या. हवा स्वच्छ राहते हे मी दुकानात येईल त्याला सांगत होतो. "अप्पा, हवा तर फुकटच हाय," एक गिऱ्हाईक म्हणालं.

महिन्याभरानं मात्र लोक बसायला लागले. मी म्हणालो, सवय झाली. ड्रायव्हरनंही तेच सांगितलं. आणखी एक आनंदाची गोष्ट अशी की सिलिंडर फार टिकत होतं. एवढ्या फेऱ्या होऊनही बदलायची वेळ येत नव्हती. मी ते चार जणांना अभिमानानं सांगितलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात चिमूटभर हळदीवर विश्वास टाकला नाही, त्यानं ही बातमी तशीच गिळली. आपल्या मनासारखी बातमी आली की माझ्या नाकाला सर्दी व्हायची.

आणि बायकोला पुन्हा खोकला सुरू झाला. म्हणजे सुरू होताच, पण व्हॅन आल्यावर पहिल्या दोन फेऱ्यांत ती हसत परत आली होती, तसं आता होईना. परत यायची तेव्हा दवाखान्यातल्या वाफेनं श्वास मोकळा असायचा, पण चेहरा उतरलेला.

"आवं, गाडीत वास येतोय," ती एकदा म्हणाली.

"गॅसचा?" मी ताडकन उठलो.

"न्हाई. राकेलसारखा."

मी दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन नळीपाशी बसलो. ड्रायव्हरनं बटन दाबलं. रुमाल पांढराच राहिला. पुढच्या दवाखान्याच्या दिवशी पुन्हा बघितलं. पांढराच. मग मी तिला जे बोललो ते मला आजही पाठ आहे. मी म्हणालो, "तुला सगळीकडंच वास येतो. तुझ्या मनातच धूर बसलाय." त्यानंतर तिनं गाडीतल्या वासाचा विषय काढला नाही, आणि माझं म्हणणं खरं होतं म्हणून तिनं तो सोडला असं मी समजलो. डाळीच्या पोत्यात खडा सापडला तर पोतं दोषी धरणारा माणूस मी. पण इथं मी जिला त्रास होत होता तिच्यावरच संशय घेऊन मोकळा झालो.

माझे डोळे उघडले ते दुकानाच्या काट्यामुळं. सिरसाळ्याचा एक व्यापारी ज्वारीच्या कामासाठी आला होता. त्याच्याकडंही गॅसवरची गाडी होती. बोलता बोलता मी सिलिंडर किती टिकतं ते सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. "अप्पा, तुमची गाडी गॅस खातीय का नुसता वास घेतीय?" तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तेवढं पुरलं. पोती तोलायचा मोठा काटा दुकानात होताच. दवाखान्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी सिलिंडर उतरवून काट्यावर ठेवलं, वजन खडूनं आतल्या भिंतीवर लिहिलं आणि परत बसवलं. दुसऱ्या दिवशी ती अंबाजोगाईला जाऊन आली. ड्रायव्हर चहाला गेला तसं मी पुन्हा तोललं. काटा होता तिथंच. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर आणि पाव किलोचाही फरक नाही.

मी ड्रायव्हरला आत बोलावलं आणि भिंतीवरचा आकडा दाखवला. तो काय समजायचं ते समजला. गाव संपलं की तो गाडी पेट्रोलवर घेत होता, हे त्यानं कबूल केलं. प्रवाशांच्या दिवशीही आणि दवाखान्याच्या दिवशीही. सकाळी माझ्यासमोर गॅस, अंबाजोगाईहून परत गावात शिरताना गॅस, मधला सगळा रस्ता पेट्रोल. मी गाडीत पेट्रोल चालू करण्यापुरतंच टाकत असे, म्हणून तो भाड्याच्या पैशातून रस्त्यावरच्या टपरीवरून बाटलीतलं पेट्रोल घ्यायचा, त्यात रॉकेल मिसळलेलं असायचं, आणि मागच्या दाराचं रबर सुटलेलं असल्यामुळं धूर आत यायचा. लोक बसायला लागले ते या धुरामुळं. गाडी आता त्यांच्या ओळखीची झाली होती.

"प्रवाशांचं सोड," मी म्हणालो. "हिला दमा हाय हे ठावं असून तू हिला धुरात बसवलंस?" माझा आवाज चढला होता. त्याला कामावरून काढायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "वैनीला इचारा, अप्पा."

ती स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होती. मी काही विचारायच्या आधीच तिला कळलं, कारण दुकानातला माझा आवाज आत पोचला होता.

"मीच सांगितलं त्येला," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं नाही.

"तू?"

"दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासनं. गाव सुटलं की म्हनायची, भाऊ, पेट्रोलवर घ्या."

"अगं, तुझ्यासाठीच घेतली ना गाडी. धूर नको म्हणून."

"धुराची मला सवय हाय. जाळाची न्हाई. दवाखान्यात वाफ घ्यायला बसते तर शेजारच्या वार्डात जळालेल्या बाया असतात. त्येंचा आवाज ऐकलाय मी." मग तिनं सूप ठेवलं. "आन् तुमी रोज फेस लावता, डोकं घालून वास घेता, मला म्हनता लांब उभी ऱ्हा. मग हात पुसून म्हनता, आता बस. तुमी सोता एकदा तरी बसलात का त्याच्यात?"

मी बसलो नव्हतो. दुकान कोण बघणार, असं मी सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण त्या क्षणी मला तसं म्हणवेना. मला शरम वाटली. तिच्या श्वासासाठी मी गाडी आणली, आणि रोज सकाळी तिच्या देखत त्या गाडीवर संशय घेऊन तिचा धीर मोडला. तिनं मग ओळखीचं मरण निवडलं. आणि त्याबद्दल बोलली तेव्हा मी तिलाच खोटं ठरवलं. वास येतोय हे ती सांगत होती, बटन आपणच दाबायला लावलं हे सांगत नव्हती, इतकंच. तेही कावून, तर मी रागावेन म्हणून. मी रागावलोही असतो.

ड्रायव्हरला मी काढलं नाही. मागच्या दाराचं रबर बदलून घेतलं, टाकीतलं बाटलीचं पेट्रोल काढून टाकायला लावणार होतो, पण गडबडीत ते राहून गेलं. पुढच्या दवाखान्याच्या दिवशी बाजार होता. तरी दुकान बंद ठेवलं. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, कोन गेलं? मी म्हणालो, कुणी न्हाई, मीच चाललोय.

साबणाचा फेस मी ती उठायच्या आधीच लावून घेतला होता. ते सोडणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि सोडूही नये. पण तिच्यासमोर मी डोकं आत घातलं नाही, लांब उभी राहा म्हणालो नाही. मागच्या सीटवर आधी मी बसलो, सिलिंडर माझ्या पाठीशी. मग ती बसली. गाव सुटलं तसं ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडं बघितलं. ती गप्प होती. गाडी गॅसवर चालत राहिली. खरोखर आवाज कमी होता, धूर नव्हता, रस्त्याकडेच्या कडुनिंबांचा वास आत येत होता. मेहुणा खोटं बोलला नव्हता. एवढ्या महिन्यांत गाडी खरंच स्वच्छ होती आणि तिचा फायदा कुणालाच झाला नव्हता, याचं मला वाईट वाटलं.

आडसच्या अलीकडं गाडी एका खड्ड्यात आपटली. मागं काहीतरी खडखडलं. मी मान वळवली नाही, पण नाक थोडं वर गेलं. इतकंच. मला स्वतःलाही कळलं नसतं. ती माझ्याकडंच बघत होती.

"भाऊ, पेट्रोलवर घ्या," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं बटन दाबलं. रबर नवं असूनही थोड्याच वेळात तो उग्र वास आत आला. आधी ती नुसती खाकरली. मग खोकला. मग श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजायला लागली. तिचे खांदे कानापर्यंत वर उचलले जात होते, आणि सीटच्या रेक्झिनमध्ये तिची बोटं रुतली होती. इतकी वर्षं मी तिला निघताना बघितलं होतं आणि परत आलेली बघितली होती. मधलं हे कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं दमा म्हणजे खोकला. ती श्वास ओढत होती तो विहिरीतून भरलेली बादली एकट्यानं ओढावी तसा, आणि वर यायच्या आत बादली निम्मी सांडत होती.

मी दोन सीटमधून पुढं वाकलो आणि बटन स्वतः दाबलं. गाडीनं एक आचका दिला, मग सरळ चालायला लागली. मी खिडकीची काच पूर्ण खाली केली.

शिट्टी कमी व्हायला वेळ लागला. बोलता यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आता वास घेनार न्हाई ना?"

"न्हाई."

"बगीन मी."

नाकावर माझा भरवसा नव्हता. म्हणून अंबाजोगाई येईपर्यंत मी तोंडानं श्वास घेतला. घसा कोरडा पडला, उन्हाची धूळ जिभेवर बसली. तिनं दोनदा मान वळवून माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. तिसऱ्या वेळी बघितलं नाही. पाठ सीटला टेकवली आणि बाहेर बघत बसली.